चिमणीतलं विष आणि काळी भुकटी: ॲक्टिव्हेटेड कार्बन नेमकं काय करतो?

जुलै २०२५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने औष्णिक वीज केंद्रांसाठीच्या गंधकाच्या नियमात मोठी सूट दिली. दहा लाखांवर वस्ती असलेल्या शहरांच्या १० किलोमीटरच्या आतल्या केंद्रांना धुरातला सल्फर डायऑक्साइड चुनखडीच्या पाण्याने धुऊन काढणारी यंत्रणा, म्हणजे एफजीडी, बसवावीच लागेल. अतिप्रदूषित पट्ट्यांजवळच्या आणि हवेच्या निकषांत नापास झालेल्या शहरांजवळच्या केंद्रांचा निर्णय एकेक करून व्हायचा आहे. उरलेल्यांनी चिमणीच्या उंचीची अट पाळली की पुरे.

कोराडी, खापरखेडा, मौदा, चंद्रपूर, तिरोडा, नांदगाव पेठ ही सगळी आपल्याच विदर्भातली केंद्रं. त्यामुळे या निर्णयावर पानठेल्यापासून व्हॉट्सॲपपर्यंत बोलणं झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण सगळी चर्चा गंधकाभोवतीच फिरली. गंधकाचा वायू नाकाला झोंबतो, घसा धरतो, म्हणून तो लक्षात राहतो. त्याच धुरात त्याहून कितीतरी कमी प्रमाणात, पण कितीतरी चिवट अशी विषं असतात. ती दिसत नाहीत आणि त्यांचा वासही येत नाही. त्यांना पकडायला एक काळी भुकटी वापरतात. पर्यावरण अहवालात तिचं नाव असतं ‘ॲक्टिव्हेटेड कार्बन’. हे नाव वाचून बहुतेक जण पान उलटतात. ते उलटू नये, म्हणून हा लेख.

धुरात असतं तरी काय?

भट्टी वीज केंद्राची असो, सिमेंटची असो की दवाखान्यातला कचरा जाळायची, तिच्या धुरात ढोबळमानाने तीन प्रकारची घाण असते.

पहिली राख आणि धूळ. ही डोळ्यांना दिसते. वेचणीच्या वेळी कापसाच्या बोंडावर बसलेला करडा थर आणि हरभऱ्याच्या पानावर आंबीत, म्हणजे आंबट दवात, चिकटलेली भुकटी चंद्रपूर-घुग्घुसच्या बाजूच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. ही धूळ पकडायला दोन साधनं आहेत. एकात विजेने भारलेल्या पत्र्यांवर राख ओढून घेतात, त्याला ईएसपी म्हणतात. दुसऱ्यात धूर लांबलचक कापडी पिशव्यांमधून गाळतात, तो बॅग फिल्टर.

दुसरी घाण आम्लाच्या वायूंची: सल्फर डायऑक्साइड, हायड्रोजन क्लोराइड. त्यांच्यावर उतारा चुन्याचा.

तिसरी घाण मात्र सूक्ष्म मात्रेतली. आपला विषय तीच आहे.

तिच्यात पहिला नंबर पाऱ्याचा. कोळसा जमिनीतून निघतो तेव्हाच त्यात थोडा पारा असतो, टनामागे ग्रॅमच्या काही दशांशापुरता. ऐकायला हे काहीच वाटत नाही. पण चंद्रपूरच्या वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे आणि तिथे दिवसाला हजारो टन कोळसा जळतो. जळताना पाऱ्याची वाफ होते. त्यातला काही भाग राखेला चिकटतो, उरलेला चिमणीतून वर जातो आणि कधी ना कधी खाली येतो. पाण्यात पडला की तळाच्या गाळातले जिवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरी करतात, आणि ते माशांच्या अंगात साठत जातं. लहान मासा मोठ्याच्या पोटात, मोठा आपल्या पोटात. जपानमधल्या मिनामाता गावात १९५६ साली याच विषाचा आजार पहिल्यांदा अधिकृतपणे नोंदला गेला. तिथे पारा आला होता कारखान्याच्या सांडपाण्यातून. त्याच गावाच्या नावाने २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१८ मध्ये भारताने त्याला मान्यता दिली. पूर्व विदर्भात हजारो माजी मालगुजारी तलाव आहेत, आणि ढिवर समाजाची कितीतरी घरं त्यांतल्या मासोळीवर जगतात. पारा हा आपल्यासाठी पुस्तकातला विषय नाही, तो यामुळेच.

दुसरा नंबर डायॉक्सिनचा. हे कोणी मुद्दाम तयार करत नाही. क्लोरीन असलेला कचरा, उदाहरणार्थ पीव्हीसी प्लास्टिक, जाळला की धूर थंड होताना ते आपोआप जुळून येतं. १९७६ मध्ये इटलीतल्या सेवेसो गावाजवळच्या रासायनिक कारखान्यातून त्याचा ढग सुटला आणि जगाला हे नाव कळलं. त्यातल्या सर्वांत विषारी प्रकाराला जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये माणसात कर्करोग करणारा पदार्थ ठरवलं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की माणसाच्या अंगात जाणारं ९० टक्क्यांहून जास्त डायॉक्सिन अन्नातून जातं, मुख्यतः दूध, मांस आणि माशांतून. अंगात गेलं की चरबीत बसतं, आणि त्यातलं निम्मं कमी व्हायलाच ७ ते ११ वर्षं लागतात. म्हणजे धूर नाकातोंडात गेला नाही म्हणून सुटलो असं नाही. तो कडब्यावर बसतो, कडबा गाय खाते आणि दूध घरात येतं.

तिसऱ्या नंबरला रंग, औषध आणि कीटकनाशकांच्या कारखान्यांतली उडून जाणारी द्रावकं, म्हणजे टोल्यूईनसारखी सॉल्व्हंट. ती भट्टीच्या धुरात नाही, कारखान्यातून निघणाऱ्या हवेत असतात, पण त्यांनाही कार्बनच धरतो.

‘हा तं कोळसाच हाये ना? आपल्या घरचा काय वाईट?’

हा प्रश्न गावात हमखास येतो, आणि तो अगदी रास्त आहे. ॲक्टिव्हेटेड कार्बन मुळात कोळसाच आहे. नारळाची करवंटी, लाकूड किंवा दगडी कोळसा कमी हवेत भाजतात. इथपर्यंत आपल्या कोळसाभट्टीत जे होतं तेच. फरक पडतो पुढच्या पायरीवर. तो कोळसा ८०० ते १,००० अंश सेल्सिअसला तापवून त्यावर पाण्याची वाफ सोडतात. वाफ कोळशाला आतून खात जाते आणि त्यात असंख्य बारीक छिद्रं पडतात. कामाची छिद्रं तर दोन नॅनोमीटरपेक्षाही अरुंद असतात, म्हणजे मिलिमीटरच्या पाच लाखाव्या भागाहून कमी. दुसऱ्या पद्धतीत वाफेऐवजी फॉस्फोरिक आम्लासारखं रसायन लावून कमी तापमानाला हेच साधतात.

या छिद्रांच्या भिंती उलगडून सपाट अंथरल्या, तर चांगल्या कार्बनच्या एका ग्रॅमला साधारण १,००० चौरस मीटर पृष्ठभाग भरतो. म्हणजे दहा गुंठे. चार ग्रॅमला एक एकर. २५ किलोच्या एका गोणीत सहा हजार एकरांहून जास्त जागा होते. अख्ख्या गावाचं शिवार त्यापुढे लहान पडावं.

एवढी जागा लागते, कारण विष त्या भिंतींवर चिकटतं. या चिकटण्याला अधिशोषण म्हणतात. आश्विन-कार्तिकात कुसळी गवतातून चालत गेलं की धोतराला, लुगड्याला कुसळं लागतात. कापड कुसळांना गिळत नाही, ती फक्त त्याच्या अंगावर धरून राहतात. कापड जेवढं मोठं तेवढी कुसळं जास्त, आणि एकदा का ते भरलं की पुढची कुसळं लागत नाहीत. कार्बनचंही असंच आहे. पाऱ्याचा अणू किंवा डायॉक्सिनचा रेणू छिद्रात शिरतो आणि भिंतीच्या ओढीने तिथे धरला जातो. त्याचा नाश होत नाही. विषाची फक्त जागा बदलते. पुढचं सगळं यावरच उभं आहे.

कोळशाला हा गुण आहे हे अठराव्या शतकापासून माहीत होतं. पण तो मोठ्या प्रमाणावर कामाला लागला पहिल्या महायुद्धात. विषारी वायूपासून सैनिक वाचावेत म्हणून रशियात रसायनशास्त्रज्ञ निकोलाय झेलिन्स्की यांनी १९१५ मध्ये कार्बनचा मुखवटा तयार केला. १९१८ मध्ये अमेरिकेत लोकांना आवाहन केलं गेलं की पीचच्या बिया आणि कवचं फेकू नका, मुखवट्यांच्या कार्बनसाठी गोळा करून द्या.

धुराच्या वाटेवर कार्बन कुठे भेटतो?

दवाखान्यातला कचरा जाळणाऱ्या भट्टीचं उदाहरण घेऊ, कारण तिथे सगळे टप्पे एकाच ठिकाणी दिसतात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे भट्टीच्या दुसऱ्या कप्प्यात तापमान १,०५० अंशांच्या आसपास हवं आणि धूर तिथे निदान दोन सेकंद राहायला हवा. एवढ्या उष्णतेत डायॉक्सिन तुटतं. अडचण होते पुढे. धूर थंड होत साधारण ४५० ते २०० अंशांच्या पट्ट्यात रेंगाळला, तर राखेतल्या तांब्यासारख्या धातूंच्या मदतीने तेच डायॉक्सिन पुन्हा जुळतं. म्हणून चांगल्या संयंत्रात धुरावर पाणी मारून तो पट्टा झटक्यात ओलांडतात. मग चुना घालून आम्ल मारतात. त्यानंतर नळीतून वाहत्या धुरात कार्बनची पिठासारखी बारीक भुकटी फुंकतात. ही भुकटी विष धरत धुराबरोबर बॅग फिल्टरपर्यंत जाते आणि पिशव्यांच्या कापडावर तिचा थर बसतो. धूर त्या थरातून गाळला जातो तेव्हा उरलंसुरलं विष तिथे धरलं जातं. खरं सांगायचं तर बरंचसं काम या थरावरच होतं. पिशवी फाटली असेल तर कार्बन कितीही फुंका, तो विषासकट बाहेर पडतो.

तापमानाचाही मेळ लागतो. गरम पृष्ठभागावर पकड ढिली होते, म्हणून धूर साधारण दीडशे अंशांच्या आसपास आणावा लागतो. फार थंड केला तर दमट होऊन पिशव्यांवर चिखल धरतो.

पाऱ्याच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. धुरात तो दोन रूपांत असतो. क्लोरीनशी जोडला गेलेला पारा पाण्यात विरघळतो, आणि कार्बनलाही सहज सापडतो. एकटा, मोकळा पारा मात्र पाण्याला दाद देत नाही आणि साध्या कार्बनवरही नीट टिकत नाही. त्यासाठी ब्रोमिन किंवा गंधक लावलेला खास कार्बन लागतो. सुरुवातीच्या बातमीचा आणि या विषयाचा संबंध इथे येतो. एफजीडी बसला असता तर गंधकाबरोबर विरघळणारा पाराही काही प्रमाणात त्यात धुऊन निघाला असता. एफजीडी नाही म्हणजे तो फायदाही नाही. पाऱ्याची मर्यादा मात्र डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेत ठरलेली आहे: एक घनमीटर धुरात ०.०३ मिलिग्रॅम. गंधकाच्या सवलतीमुळे पाऱ्याला सूट मिळत नाही. हे ठासून सांगायला हवं.

कार्बन वापरायची दुसरी रीत म्हणजे दाणेदार कार्बनने भरलेला मनोरा. सॉल्व्हंट वापरणारे कारखाने हवा त्यातून सोडतात. कार्बन सॉल्व्हंटने भरून गेला की वाफ सोडून ते परत काढतात आणि पुन्हा वापरतात. इथे कारखान्याचाच पैसा वाचतो, म्हणून ही यंत्रणा सहसा नीट चालते. मात्र काही सॉल्व्हंट, विशेषतः कीटोन जातीची, कार्बनवर बसताना तापतात आणि थर पेट घेऊ शकतो. त्यामुळे अशा मनोऱ्याच्या आतलं तापमान सतत पाहावं लागतं. जाता जाता सांगतो, आपल्याकडच्या सोयाबीन तेलाच्या प्लँटमध्ये वापरतात ते हेक्झेन नावाचं सॉल्व्हंट सहसा खनिज तेलात धरून परत घेतात. तिथे कार्बन दिसला नाही म्हणून लगेच संशय नको.

‘मंग वावरात राख पडनं थांबन का?’

नाही. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण प्रकल्पाच्या जनसुनावणीत ‘कार्बन सिस्टीम’ हे नाव असं घेतलं जातं की जणू सगळं प्रदूषण त्यातच अडकणार आहे. राख थांबवायचं काम ईएसपीचं आणि बॅग फिल्टरचं. ट्रकमधून सांडलेल्या कोळशाची धूळ, रेल्वे सायडिंगची धूळ, राखेच्या तळ्यावरून उन्हाळ्यात उडणारी राख यांतलं काहीच चिमणीतून येत नाही, तेव्हा चिमणीतला कार्बन त्याला काय करणार? कार्बन मोनॉक्साइडही यात सापडत नाही. त्याला इलाज भट्टीत नीट जाळण्याचाच.

सल्फर डायऑक्साइडला कार्बन धरू शकतो. जर्मनी-जपानमध्ये ॲक्टिव्हेटेड कोक नावाच्या टणक कार्बनचे मोठाले मनोरे त्यासाठी बांधले गेले आहेत. धुरातला ऑक्सिजन आणि ओलावा यांच्या मदतीने छिद्रांमध्ये गंधकाचं आम्ल तयार होतं, आणि मग कोक साधारण ४०० अंशांला तापवून तो गंधक वेगळा काढतात. पाणी फार कमी लागतं, म्हणून उन्हाळ्यात टँकर लागणाऱ्या आपल्या भागाला ही रीत आकर्षक वाटेल. पण खर्च मोठा आणि यंत्रणा अवजड. भुकटी फुंकण्याची साधी व्यवस्था दाखवून कोणी गंधकही त्यातच जाईल म्हणत असेल, तर ते पटण्यासारखं नाही.

‘धूर तं दिसतच नाही, मंग काहून भेता?’

काळा धूर दिसला तर भट्टी नीट जळत नाही हे नक्की. पण धूर दिसला नाही म्हणजे सगळं ठीक, हे मात्र खरं नाही. हिवाळ्यात सकाळी चिमणीतून निघणारा पांढराशुभ्र लोट बहुतेकदा पाण्याची वाफ असतो आणि लोक त्यालाच घाबरतात. पारा आणि डायॉक्सिन निघताना आकाश निळंच असतं. कचरा भट्टीसाठी डायॉक्सिनची मर्यादा आहे एका घनमीटरला ०.१ नॅनोग्रॅम. तासाला दहा हजार घनमीटर धूर सोडणारी भट्टी घेतली, तर तासाभरात सगळं मिळून एक मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. असं विष डोळ्यांनी ओळखणं कोणालाच शक्य नाही, अधिकाऱ्यालाही नाही.

चिमणी उंच असली तर? जवळच्या गावावर वायूचा मारा कमी होतो, हे खरं. पण पारा आणि डायॉक्सिन हवेत विरून संपत नाहीत. उंच चिमणी त्यांना आपल्या गावाऐवजी पुढच्या तालुक्यात नेऊन टाकते. गंधकासाठी उंचीची अट पुरेशी मानली गेली, म्हणून या विषांसाठीही ती पुरेशी आहे असं कोणी मांडलं तर ते मान्य करू नये.

मोजमाप वर्षातून एकदा, मग बाकीचे दिवस?

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे भट्टीच्या धुराची नेहमीची तपासणी दर तीन महिन्यांनी होते. डायॉक्सिनची तपासणी वर्षातून एकदाच. ती खर्चिक आहे, खास प्रयोगशाळा लागते, आणि चिमणीला बसवलेल्या ऑनलाइन मीटरमध्ये डायॉक्सिन दिसतच नाही. तपासणीच्या दिवशी सगळं नीट चालणार, यात नवल नाही. उरलेल्या ३६४ दिवसांचा पुरावा कुठे आहे?

तो कार्बनच्या गोण्यांमध्ये आहे. भुकटी फुंकायच्या पद्धतीत कार्बन रोज संपतो. पंखा किंवा पंप एकदा बसवला की वर्षानुवर्षं चालतो, तसं याचं नाही. ‘यंत्रणा बसवली आहे’ हे वाक्य त्यामुळे अपुरं आहे. खरा प्रश्न असा: महिन्याला किती किलो कार्बन आणला?

हिशेब अवघड नाही. एक घनमीटर धुराला साधारण ५० ते २०० मिलिग्रॅम कार्बन लागतो. मधला आकडा धरू, १०० मिलिग्रॅम. वरच्याच भट्टीचा तासाला १०,००० घनमीटर धूर धरला, तर तासाला लागतो एक किलो. चोवीस तास चालली तर दिवसाला २४ किलो, म्हणजे जवळपास रोज एक गोणी. महिन्याला तीस. आता त्या भट्टीच्या गोदामात धुळीने माखलेल्या चार गोण्या सहा महिन्यांपासून तशाच पडल्या असतील, तर वार्षिक अहवाल काहीही सांगो, धुरात कार्बन पडत नाही हे शेतकऱ्याला कळतं. खताच्या गोण्यांचा हिशेब तो आयुष्यभर करत आला आहे.

खरेदीची बिलं, वापराची नोंदवही आणि कार्बनच्या दर्जाचा दाखला, एवढे तीन कागद मागावेत. दाखल्यावर ‘आयोडीन नंबर’ लिहिलेला असतो. एक ग्रॅम कार्बन किती मिलिग्रॅम आयोडीन धरतो, ते त्यावरून कळतं. बारीक छिद्रं किती आहेत याचा तो अंदाज. साधारण ९०० ते १,००० च्या वर असला तर माल चांगला समजतात. साध्या कोळशाची पूड करून फुंकली, तर हा आकडा ताबडतोब उघडा पडतो. मनोऱ्याची पद्धत असेल तर प्रश्न वेगळा: कार्बन शेवटचा कधी बदलला किंवा वाफवला? भरलेला मनोरा बाहेरून अगदी तसाच दिसतो, आणि विष त्यातून सरळ पार होत असतं.

‘लाइन गेली तं?’

हा प्रश्न शहरातल्या तज्ज्ञाला सुचणार नाही, आपल्याला पहिल्यांदा सुचेल. धूर ओढून फिल्टरमधून पुढे नेणारा पंखा विजेवर चालतो. वीज गेली की पंखा थांबतो आणि भट्टी मात्र धगधगतच असते. आतला दाब वाढू नये म्हणून अशा भट्टीला संकटकाळी उघडणारं वेगळं धुराडं असतं. ते उघडलं की धूर चुना, कार्बन, पिशव्या सगळं टाळून सरळ आकाशात. सुरक्षिततेसाठी ही सोय लागते, त्यात वावगं नाही. पण ते महिन्यातून किती वेळा आणि किती मिनिटं उघडलं, याची नोंद असायलाच हवी. जनरेटर आहे का, तो आपोआप सुरू होतो का, आणि लाइन गेल्यावर भट्टीत कचरा टाकणं थांबतं का, हेही विचारायचं. भट्टी पेटवतानाचा पहिला काही वेळही असाच धोक्याचा असतो. धूर पुरेसा तापलेला नसतो आणि कधी कधी फिल्टरला बगल दिली जाते.

वापरलेली भुकटी जाते कुठे?

विषाचा नाश होत नाही, त्याची फक्त जागा बदलते, हे वर आलंच आहे. कपड्याची कुसळं काढून आपल्याच धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, टाकली, तर पुढच्या पावसाळ्यात तिथेच कुसळी उगवते. बॅग फिल्टरमधून झटकलेली राख, चुना आणि कार्बनची करडी-काळी भुकटी विषाने भरलेली असते. कायद्याने वापरलेला कार्बन हा घातक कचरा आहे. तो कारखान्यात साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही. नेताना फॉर्म १० नावाची चलन-पावती भरावी लागते, आणि तो घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडेच द्यावा लागतो. रस्त्याच्या कडेच्या खड्ड्यात, वीटभट्टीवर किंवा नाल्याच्या काठी ही भुकटी दिसली तर ती साधी राख समजून कोणी हात लावू नये, घराच्या भरणीसाठी तर मुळीच आणू नये.

आणलेला कार्बन आणि बाहेर गेलेली भुकटी यांचा मेळ बसायला हवा. वर्षभरात आठ-नऊ टन कार्बन आणला, तर त्याहून जास्तच वजनाची भुकटी बाहेर गेली पाहिजे, कारण तिच्यात राख आणि चुनाही आहे. बिलं भरपूर पण फॉर्म १० चार ओळींचा असेल, तर कुठेतरी पाणी मुरतंय.

पऱ्हाटीपासून कार्बन होईल का?

होतो. पऱ्हाटी, तुराट्या, बांबू, अशा कुठल्याही लाकडी मालापासून तो बनवता येतो. कपाशीनंतर बोंडअळीचा नायनाट व्हावा म्हणून पऱ्हाटी उपटून जाळली जाते, तिचा असा उपयोग झाला तर कोणाला नको आहे? पण करवंटीचा कार्बन टणक असतो, त्याची छिद्रं बारीक आणि सारखी असतात, आणि मनोऱ्यात तो चुरा होत नाही. पऱ्हाटीचा कार्बन हलका असतो, तो दाण्यांपेक्षा भुकटीसाठी बरा. शिवाय तो बनवणारी भट्टीही धूर सोडते, तिलाही हेच सगळे प्रश्न लागू. घरगुती ड्रममध्ये करण्याचा हा उद्योग नाही.

आणि एक गोष्ट आपल्याच हातातली. तांबं काढायला जुनी वायर जाळणं, पीव्हीसीचे तुकडे, कीटकनाशकाचे रिकामे डबे धुऱ्यावर पेटवणं, यातूनही डायॉक्सिन निघतं. तिथे ना हजार अंशांचा कप्पा असतो ना कार्बन, आणि धूर अंगणातच फिरतो. कारखान्याला जाब विचारायचाच, पण हे जाळणंही आजपासून बंद करायचं.

सुनावणीत काय मागायचं?

सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पांची जनसुनावणी होते, आणि दवाखान्यांच्या कचऱ्याची सामायिक संयंत्रंही आता त्या यादीत आहेत. किमान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश मराठीत मिळावा लागतो. तो ग्रामपंचायतीतून आणा, आणि त्यात कार्बनबद्दल एकच ओळ असेल तर तिथेच बोट ठेवा. नोकऱ्या आणि जमिनीचा मोबदला यांवर बोलणारे पुष्कळ असतात, आणि त्यांनी बोललंच पाहिजे. पण निदान एकाने उठून म्हणावं: तासाला किती घनमीटर धूर आणि किती किलो कार्बन ते सांगा, दर महिन्याची खरेदी, वापर, बाहेर पाठवलेली भुकटी आणि संकटकालीन धुराडं उघडल्याच्या वेळा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्याची अट परवानगीत घाला.

हेच लेखीही द्या आणि पोच घ्या. सुनावणी संपताना तिचा वृत्तांत लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावा लागतो, आणि त्याच दिवशी त्यावर जिल्हाधिकाऱ्यांची सही होते. बहुतेक लोक तोवर चहा पिऊन घराकडे निघालेले असतात. थांबा, वाचन ऐका. आपली कार्बनची अट त्यात आली नसेल तर सही होण्याआधीच हात वर करून ती घालून घ्या.